कंटेनर थंड करत नाही

द्राक्षाचा एक्स्पोर्ट सीझन संपला की शेतकऱ्याच्या हातात हिशेबाचा कागद येतो. किती क्रेट गेले, किती माल पॅक झाला, रिजेक्ट किती निघाला, भाव काय लागला. खाली कुठेतरी एक ओळ असते, ‘क्वालिटी क्लेम’, आणि तिच्यापुढे वजा रक्कम. माल युरोपात रॉटरडॅम बंदराला खराब निघाला, तिकडच्या खरेदीदाराने पैसे कापले आणि ते इकडे बागायतदाराच्या खात्यातून गेले. माल खराब का निघाला असं विचारलं, तर बहुतेकांना एकच उत्तर मिळतं, “कंटेनरमध्ये गडबड झाली.”

मी पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात एका पॅकहाउसमध्ये कोल्ड स्टोअर आणि लोडिंग बघते. घरची द्राक्षबागही आहे, अण्णा अजून स्वतः छाटणीला उभे राहतात. त्यामुळे हा कागद मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय. ‘कंटेनरमध्ये गडबड’ कधीकधी खरंच झालेली असते. पण झाली की नाही, हे सांगणारा पुरावा, म्हणजे तापमान नोंदवणारा लॉगर, प्रत्येक कंटेनरबरोबर समुद्रावरून जातो आणि पोचल्यावर कॉम्प्युटरवर उघडता येतो. ज्याचे पैसे कापले जातात त्यालाच तेवढा तो कोणी दाखवत नाही. तो पुरावा बागायतदाराने मागावा आणि वाचायला शिकावा, एवढ्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. रीफर, म्हणजे गारव्याचं मशीन लावलेला कंटेनर, माल थंड करायला बनवलेला नसतो. आधीच थंड झालेला माल तसाच ठेवायला तो बनवलेला असतो. थर्मासमध्ये कोमट चहा ओतला तर दोन तासांनी कोमटच चहा मिळणार, उकळता नाही. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये 20 पॅलेट, म्हणजे बॉक्स रचलेले लाकडी चौथरे, बसतात; पनेटचा, म्हणजे छोट्या प्लॅस्टिक डब्यांचा, माल असेल तर साधारण 13 टन. एवढा माल आत जाताना सहा-सात अंशांवर असेल, तर कंटेनरचं मशीन तो शून्यावर आणायला कित्येक दिवस घेतं. तोवर द्राक्षाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

म्हणजे थंडी तयार होते ती आमच्याकडे, पॅकहाउसमध्ये. आणि तिची सुरुवात त्याच्याही आधी बागेत होते.

खुडा सकाळी लवकर का घ्यायचा, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तरी मार्चच्या उन्हात साडेअकरा-बारापर्यंत खुडा चाललेला मी बघते, कारण मजुरांची टोळी दुपारी दुसऱ्या प्लॉटवर जाणार असते. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या बाया कात्रीने घड उतरवतात तेव्हा हात फक्त देठाला लावतात, मण्याला नाही, म्हणजे मण्यावरची पांढुरकी पावडर पुसली जात नाही. एवढं निगुतीने काम केलेलं क्रेट मग बांधाला उन्हात उभं राहिलं की माझा जीव तुटतो. मणी वरून तसाच दिसतो, त्याला काही झाल्याचं कळत नाही. बिघडतो तो देठ. देठाचा श्वसनाचा वेग मण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि पाणी सगळ्यात आधी तोच सोडतो. बांधावर उन्हात गेलेला तासभर तिकडे पोचल्यावर तपकिरी, वाळलेल्या देठाच्या रूपाने बाहेर येतो. युरोपातला खरेदीदार पनेट उघडून आधी देठ बघतो. देठ हिरवा असेल तर माल ताजा, वाळका असेल तर जुना. चव नंतर.

द्राक्षाबद्दल आणखी एक, जे आंबा-केळीवाल्यांना सांगावं लागतं. द्राक्ष वेलीवरून उतरल्यावर पिकत नाही. गोडी जेवढी आली तेवढीच, पुढे फक्त उतार. म्हणून ते अगदी शून्याजवळ ठेवता येतं. साखर असल्यामुळे मणी शून्याला गोठत नाही, त्याच्याही खाली जावं लागतं. आमच्याकडे कंटेनरचं सेटिंग बहुतेक वेळा उणे 0.5 अंश असतं. हेच सेटिंग केळीला लावलं तर साल काळी पडून सगळा माल जाईल. करमाळा, टेंभुर्णीकडून आखाताला जाणारी केळी 13 ते 14 अंशांच्या दरम्यान ठेवतात. हापूसचंही तसंच, 12-13च्या खाली त्याला थंडी बाधते आणि वर ठेवला तर वाटेत पिकत राहतो. युरोप-अमेरिकेला आंबा अजूनही जास्त करून विमानाने जातो, समुद्रमार्गाचे प्रयोग जपून होतात, त्याचं मूळ या अडचणीत आहे. द्राक्षाला निसर्गाने ही सवलत दिलीय. ती आपण बांधावरच्या उन्हात घालवायची नाही.

क्रेट पॅकहाउसला आले की निवड, कात्रीकाम, वजन, पनेट. अर्ध्या किलोचे दहा पनेट एका बॉक्समध्ये. भरलेले बॉक्स प्री-कूलिंग चेंबरमध्ये जातात. चेंबर म्हणजे नुसती गार खोली नव्हे. बॉक्सच्या दोन रांगा लावून मधल्या मोकळ्या जागेवर ताडपत्री अंथरतात आणि एका टोकाचा मोठा पंखा त्या पोकळीतली हवा ओढतो. मग बाहेरच्या गार हवेला बॉक्सच्या भोकांतून, घडांमधून वाट काढत आत यावंच लागतं. 25-28 अंशांवर आलेला माल सहा ते आठ तासांत दोन अंशांच्या खाली येतो. बॉक्सची भोकं एकमेकांसमोर आली नाहीत, ताडपत्री बाजूने उघडी राहिली, तर पंखा फिरत राहतो, बिल येत राहतं आणि मधले बॉक्स गरमच राहतात. गर्दीच्या दिवसांत, बाहेर रीफर व्हॅनची रांग लागलेली असताना, “दोन तास कमी केले तर काय होतंय” असं म्हणणारं कोणीतरी असतंच. त्या दोन तासांचा हिशेब रॉटरडॅमला होतो.

ग्रेप गार्डचा कागद, म्हणजे सल्फर डायऑक्साइड सोडणारं पॅड, आम्ही प्री-कूलिंग झाल्यावरच वर ठेवतो आणि मग लायनर, म्हणजे बॉक्समधली प्लॅस्टिकची पिशवी, बंद करतो. पॅडमधल्या रसायनाला ओलावा लागला की वायू सुटतो, आणि तो वायू बुरशीला आवर घालतो. गरम मालावर पॅड ठेवून लायनर मिटलं, तर आत घाम धरतो, ओलावा वाढतो, वायू एकदम सुटतो आणि देठाजवळ मण्याचा रंग उडतो. तिकडच्या रिपोर्टमध्ये त्याला ब्लीचिंग लिहितात. बागायतदाराला वाटतं आपल्या फवारणीतच काही चुकलं. फवारणीचा त्यात काही संबंध नसतो.

आता पल्प टेंपरेचर, म्हणजे मण्याच्या गराचं तापमान. हा शब्द प्रत्येक बागायतदाराच्या तोंडी यायला हवा असं मला वाटतं. चेंबरच्या भिंतीवरचा आकडा हवेचा असतो. हवा एक अंशावर असेल आणि मणी पाच अंशांवर, असं सहज होतं. खरा आकडा मण्याच्या पोटात असतो. पॅलेटच्या मधल्या थरातला बॉक्स काढायचा, घडाच्या आतल्या बाजूचा जाड मणी निवडायचा, थर्मामीटरची सुई देठाच्या बाजूने मण्याच्या मध्यापर्यंत घालायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मणी बोटांत धरून ठेवायचा नाही, हाताच्या उबेनेही आकडा चढतो. सीझनमध्ये रोज सकाळी मी थर्मामीटर तपासते, स्टीलच्या ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून. सुई त्यात बुडवली की शून्य दिसला पाहिजे. शून्य नाही दिसला तर त्या दिवशी ते थर्मामीटर बाजूला. हे काम दोन मिनिटांचं आहे. पण लोडिंगच्या कागदावर लिहिलेल्या सगळ्या आकड्यांची किंमत त्या ग्लासावर ठरते.

कंटेनर न्हावा शेव्याच्या यार्डातून रिकामा येतो, तेव्हा त्यावर तपासणीचं स्टिकर असतं. तरी आम्ही आपलं आपण बघतो. आतला वास घ्यायचा, आधीच्या मालाचा, मासळीचा किंवा कांद्याचा दर्प राहिला असेल तर कंटेनर परत. दाराची रबरं बोटाने चाचपायची. मग मला आवडणारी तपासणी. एक जण आत उभा राहतो, बाहेरून दोन्ही दारं बंद करतात आणि आतला माणूस अंधारात चहूकडे बघतो. कुठूनही उजेडाची तिरीप आली, म्हणजे तिथून हवा आत-बाहेर करणार. आमचा लोडिंगचा पोऱ्या आतून ओरडतो, “काहीच दिसत नाही, ताई!” तेव्हाच पुढचं काम सुरू होतं.

कंटेनर आधी गार करून ठेवावा असा आग्रह कितीतरी निर्यातदार धरतात. लोडिंगचा डॉक पूर्ण बंदिस्त, गार असेल तर ठीक. उघड्या डॉकवर हे उलटंच पडतं. दार उघडलं की बाहेरची गरम, दमट हवा गार भिंतींना लागते, पाणी सुटतं आणि ते छतावरून बॉक्सवर ठिबकतं. लोडिंग चालू असताना मशीनही बंदच ठेवायचं, नाहीतर पंखे बाहेरची गरम हवा ओढून मालात सोडतात. कोल्ड स्टोअरमधून पॅलेट निघाला की थेट कंटेनरमध्ये, मध्ये चहा नाही.

आत हवा कशी फिरते ते समजलं की बाकीचे नियम आपोआप समजतात. मशीन पुढच्या भिंतीला असतं. गार हवा तिथून खाली जमिनीला येते. जमीन सपाट नसते, लांबीभर उभ्या पट्ट्या असतात, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या, आणि हवा त्यांच्या मधल्या नाल्यांतून दाराकडे जाते. जाता जाता पॅलेटमधून वर चढते, छताखालून परत मशीनकडे येते. म्हणून भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर माल रचायचा नाही, परतीची वाट तीच असते. आणि दाराजवळ शेवटच्या पॅलेटनंतर जमिनीचा जो भाग उघडा राहतो, तो पुठ्ठ्याने झाकायचा. झाकला नाही तर हवा तिथूनच फुकट वर निघून जाते, मालात शिरतच नाही. कंटेनर लाखोंचा, माल लाखोंचा, आणि सगळं अवलंबून असतं एका पुठ्ठ्यावर.

हवेच्या वाटेचं हे दुखणं जुनंच आहे. 1882 मध्ये ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला गेलं. तीन महिन्यांहून जास्त प्रवास, जहाजावर कोळशावर चालणारं गारव्याचं यंत्र. वाटेत उष्ण कटिबंधात कॅप्टन व्हिटसनच्या लक्षात आलं की गार हवा सगळीकडे नीट पोचत नाहीये. तो स्वतः हवेच्या मुख्य नळीत सरपटत शिरला आणि आणखी भोकं पाडली. आत थंडीने तो बेशुद्ध पडण्याच्या बेताला आला, खलाशांनी पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढलं. लंडनला उतरवलेल्या सुमारे पाच हजार धडांपैकी खराब म्हणून टाकलं ते एकच. यंत्र होतंच, माल वाचला तो हवेला वाट मिळाली म्हणून. आमच्या लोडिंगच्या पोरांना ही गोष्ट मी दरवर्षी सांगते.

गोठवलेल्या मालाचं गणित मात्र वेगळं. माझा मावसभाऊ तळोज्याला मासळीच्या प्लांटमध्ये आहे. त्याच्याकडे कोळंबी ब्लास्ट फ्रीझरमधून निघते आणि उणे 18 किंवा त्याहून खाली जाते. तिथे बॉक्स एकमेकांना घट्ट चिकटवून ठोकळ्यासारखे रचतात. गोठलेली कोळंबी श्वास घेत नाही, तिच्या आतून उष्णता निघत नाही, त्यामुळे हवा मालाच्या फक्त भोवतीने फिरली तरी पुरतं. द्राक्ष जिवंत असतं, उष्णता सोडतं, म्हणून हवा मालाच्या आरपार जावी लागते. मशीनही दोन्हीकडे वेगळ्या प्रकारे चालतं. ताज्या मालात ते मालाकडे जाणाऱ्या हवेवर नजर ठेवतं, म्हणजे मण्यांना गोठवेल अशी हवा कधी जाणार नाही. गोठवलेल्या मालात मालाकडून परत येणाऱ्या हवेवर. भाऊ म्हणतो, त्यांच्याकडे चोरी लगेच पकडली जाते. वाटेत माल वितळून पुन्हा गोठला असेल, तर पिशवीत बर्फाचा चुरा जमतो आणि ब्लॉकचे कोपरे बसलेले दिसतात. द्राक्षात अशी उघड खूण राहत नाही. म्हणूनच आम्हाला लॉगर लागतो.

लोडिंग झाल्यावर दार बंद, बोल्ट सील, सेटिंगचा आकडा डिस्प्लेवर पुन्हा एकदा वाचायचा. वजाचं चिन्ह आहे ना, पॉइंट योग्य जागी आहे ना. मग डिझेल जनरेटर लावलेला ट्रेलर कसारा घाट उतरून निघतो. जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे घाटाला पर्याय झाला. पण भिवंडी-पनवेलच्या बाजूची कोंडी आणि बंदराच्या गेटबाहेरची रांग आहे तिथेच आहे. जनरेटरचं डिझेल किती आहे हे ड्रायव्हरदादांना फोन करून विचारणं हेही माझ्याच कामात येतं. बंदरात कंटेनर विजेच्या प्लगला लागला की थोडा श्वास घेते.

पुढचं आपल्या हातात नसतं. नेहमीची वाट म्हणजे अरबी समुद्र, तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य, मग वर रॉटरडॅम. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं 400 मीटर लांबीचं जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं. सहा दिवस कालवा बंद, आणि ते नेमकं भर द्राक्ष सीझनमध्ये. तेव्हा लोकांना वाटलं यापेक्षा वाईट काय होणार. मग 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. केप ऑफ गुड होपवरून जायचं म्हणजे विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. जो माल तीन-साडेतीन आठवड्यांत पोचायचा, त्याला पाच आठवडे आणि त्याहून जास्त लागायला लागले. भाडंही भरमसाट वाढलं.

2024 च्या त्या सीझनने पॅकहाउसला कान पिळून शिकवलं. तीन आठवड्यांच्या प्रवासात ज्या ढिलाईला माफी होती, तिला पाच आठवड्यांत माफी राहिली नाही. जास्त पिकलेला, मणी सुटायला आलेला घड आम्ही आधी चालवून घ्यायचो, तो सरळ लोकल मार्केटला काढायला लागलो. बागायतदार नाराज झाले, आणि त्यांचं बरोबर होतं, लोकलचा भाव अर्धाही नसतो. पण तो घड चाळीस दिवसांनी तिकडे उघडला जाणार होता, आणि एका पनेटमधल्या एका कुजक्या मण्यामुळे शेजारचे चांगले घडही जातात.

आता मुख्य मुद्दा, लॉगर. हातात मावेल एवढं यंत्र असतं, लोडिंग करताना पॅलेटमध्ये ठेवतात. दर काही मिनिटांनी ते तापमान नोंदवतं. तिकडे खरेदीदार ते काढून कॉम्प्युटरला लावतो आणि प्रवासाचा आलेख समोर येतो. आडव्या बाजूला तारखा, उभ्या बाजूला अंश.

निफाड तालुक्यातले एक काका असा आलेख घेऊन माझ्याकडे आले होते. माल आमच्याकडे नव्हता, दुसऱ्या निर्यातदाराला दिलेला. मोठा क्लेम बसलेला, आणि कारण तेच, कंटेनरमध्ये गडबड. मुलाने खूप पाठपुरावा करून फाइल मिळवली होती. काका म्हणाले, “ताई, ह्या रेघेत माझे पैसे कुठे गेले ते दाखवा.”

रेघ सुरूच झाली होती पाच अंशांच्या वर. लोडिंगच्या दिवशी पाचच्या वर, मग हळूहळू उतरत, आठवडा उलटून गेल्यावर शून्याजवळ. त्यानंतर शेवटपर्यंत सरळ. मी काकांना दाखवलं की मशीन व्यवस्थित चाललं होतं, गरम माल त्याने बिचाऱ्याने आठवडाभर राबून गार केला. गडबड समुद्रावर झालीच नव्हती. माल पॅकहाउसमधून नीट गार न होताच निघाला होता. काका ती रेघ घेऊन निर्यातदाराकडे गेले. लगेच सगळं मिळालं नाही, पण बोलणी झाली आणि कापलेल्यातला काही भाग परत आला. नुसतं “आमचा माल चांगला होता” म्हणत गेले असते, तर चहा पाजून पाठवलं असतं.

रेघ सुरुवातीपासून शून्यावर असेल आणि मध्येच प्रवासात एखादा डोंगर उभा राहिला असेल, तर गोष्ट वेगळी. तारीख बघायची. त्या दिवशी कंटेनर कुठे होता, एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढवताना प्लग काढून ठेवला होता का? दोन-चार तास वीज नसली तर नीट गार झालेला माल तग धरतो, रेघ जेमतेम हलते. दीड दिवस नसली तर हलणारच, आणि तो प्रश्न शिपिंग लाइनला आणि विमा कंपनीला विचारायचा, बागायतदाराला नव्हे. बारीक बारीक एकसारखे उंचवटे दिसले तर घाबरायचं नाही, मशीन स्वतःच्या कॉइलवरचा बर्फ वितळवतं तेव्हा परतीच्या हवेत तसे उंचवटे येतात.

आणि रेघ पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सपाट, तरी माल कुजलेला? मग कारण बागेत शोधायचं. खुड्याआधी पाऊस पडला होता का, घडात ओल होती का, मणी तडकले होते का. हे ऐकायला बागायतदाराला आवडत नाही, अण्णांनाही आवडत नाही. पण पुरावा दोन्ही बाजूंनी चालतो म्हणूनच त्याला पुरावा म्हणायचं. आपल्या विरुद्ध जाईल म्हणून तो मागायचाच नाही, हे धोरण आपल्याला परवडणारं नाही.

काहीजण म्हणतात, शेतकऱ्याला हे आलेख कळणार आहेत का. मला याचा फार राग येतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. तेव्हा एमआरएल, म्हणजे मालात चालणारी अवशेषांची कमाल मर्यादा, हा शब्द गावात कितीजणांना माहीत होता? आज ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, प्लॉटची नोंदणी, रेसिड्यूचा म्हणजे अवशेषांचा रिपोर्ट, फवारणी ते खुडा यातलं अंतर, पीपीबी म्हणजे अब्जात किती भाग, सगळं पारावर बोललं जातं. रिपोर्टमधला एखादा घटक मर्यादेच्या जवळ दिसला की रात्री अकराला फोन येतात. रसायनशास्त्राचा एवढा किचकट कागद वाचायला शिकलेल्या माणसाला एक रेघ वाचता येणार नाही? ती त्याला दाखवली नाही, एवढीच अडचण आहे.

म्हणून येत्या सीझनला माल देताना करारातच लिहून घ्या. तुमचे बॉक्स कोणत्या कंटेनरमध्ये गेले तो नंबर. लोडिंगच्या वेळी तुमच्या पॅलेटचं पल्प टेंपरेचर, तुमच्यासमोर घेतलेलं असेल तर उत्तमच. आणि पोचल्यावर लॉगरची फाइल, फोटो नव्हे, मूळ फाइल. आमच्याकडे गेल्या सीझनपासून हिशेबाच्या कागदाला आलेखाची प्रत जोडायला सुरुवात केलीय. सुरुवातीला ऑफिसात कुरकुर झाली, रोज भांडणं होतील म्हणून. झालं उलटंच. ज्या कंटेनरचा आलेख चांगला होता, त्याच्या क्लेमवर कोणी वाद घातला नाही. आणि जिथे चूक आमची होती, तिथे प्री-कूलिंग चेंबरमधून माल लवकर काढायची सवय आपोआप सुटली, कारण आता ते कागदावर दिसतं.

लॉगर एकच लावत असतील तर दुसऱ्यासाठी आग्रह धरा, खर्च वाटून घ्यावा लागला तरी चालेल. एक पुढे मशीनजवळ आणि एक दाराकडच्या शेवटच्या पॅलेटमध्ये, वरून दुसऱ्या-तिसऱ्या थरात. मशीनजवळचा माल नेहमी गार असतो, तिथली रेघ बघून काही कळत नाही. दाराजवळ हवा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी पोचते. त्या पॅलेटची रेघ सपाट असेल, तर उरलेल्या 19 पॅलेटची काळजी बहुतेक करावी लागत नाही.